वाटाड्याचा जुना पत्ता

अरे ऐक. नुसतं ऐक, मध्ये तोंड घालू नकोस, कारण शेवटी प्रश्न मलाच विचारायचाय.

सन दोन हजार चव्वेचाळीस. आंबेखोल नावाचं छोटं मच्छीमार बंदर. तिथे खाडी समुद्राला मिळते, पण सरळ नाही मिळत. मध्ये वाळूचा लांबलचक दांडा आडवा पडलाय आणि त्या दांड्यात एक फट आहे. त्या फटीला म्हणायचं मुख. बोट आत आणायची तर मुखातूनच, दुसरी वाट नाही. आणि मुख म्हणजे असं नखरेल प्रकरण की आज इथे, तर चार महिन्यांनी शंभर पावलं तिकडे. वाळूच ती, सरकणारच. पूर्वी मुख ओळखणारे तांडेल असायचे, म्हणजे बोटीचे कप्तान. पाण्याचा रंग बघून, लाट कुठे फुटते ते बघून बोट आत घालायचे. आणि उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटीला पाणी पार तळाला जातं ना, तेव्हा तर घालायचेच नाहीत. बाहेर नांगर टाकून भरती येईपर्यंत चहा पीत बसायचे.

मग आला वाटाड्या.

वाटाड्या म्हणजे मशीन. समुद्राच्या तळात काचेच्या केसाएवढ्या तंतूची एक केबल पुरलेली, आणि तिच्या एका टोकातून प्रकाश सोडायचा. आता वरून लाट गेली, बाजूने वाळू घरंगळली, की ती केबल तिथे इतकीशी, अगदी इतकीशी ताणली जाते, आणि ताणली की आतला थोडासा प्रकाश बदलून माघारी फिरतो. मशीन तो माघारी आलेला प्रकाश वाचतं. म्हणजे केबल एकच, पण तिच्या प्रत्येक हातभर तुकड्याला जणू एक कान. एवढ्या हजारो कानांनी वाळूचा आवाज ऐकून वाटाड्या दर दहा मिनिटांनी मुखाचा ताजा नकाशा काढतो. इथे तीन मीटर पाणी, इथे दीड, इकडून या. बोटीवरचा संच तो नकाशा घेतो आणि सुकाणू स्वतःच फिरवतो. तांडेलाने खिशात हात घालून उभं राहायचं. भरतीबिरतीची वाट बघायची सवयच गेली. कधीही या, वाटाड्या आहे.

ह्या सगळ्याचं नेटवर्क सांभाळायची हर्षाली. हर्षाली चोगले, वय सव्वीस, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात एकटीच कॉम्प्युटरवाली. तिला सर्व्हरला पहिल्यांदा हात लावू दिला तो मधूकाकांनी. मधूकाका म्हणजे मधुसूदन वासकर, सोसायटीचे सेक्रेटरी, चौऱ्याहत्तर वर्षांचे. वीस वर्षं तांडेल होते, मग गुडघा गेला आणि ऑफिसात येऊन बसले. हर्षाली दहावीत होती तेव्हा सगळी कमिटी म्हणत होती, पोरगी मशीन बिघडवेल. काका म्हणाले, "बिघडवू दे. बिघडवल्याशिवाय शिकणार कशी?" आणि चावी तिच्या हातात दिली. ती हे कधी विसरली नाही.

काकांची एकच खोड. सोसायटीतली प्रत्येक वही, बोट गेली-आली, बर्फ किती उतरला, सगळं तिथीने. शके, महिना, तिथी. इंग्रजी तारीख लिहा म्हटलं की म्हणायचे, "तुझ्या नोव्हेंबरला पाणी ओळखतं का? पाणी चंद्राला ओळखतं." आणि खरंच, मच्छीमाराला तिथी कळली की भरती-ओहोटी कळते. त्यामुळे कोणी वाद घालत नव्हतं.

आता झालं काय, त्या वर्षी दिवाळीनंतर वादळ आलं. मुखाची वाळू अशी उलथली की उत्तरेची जुनी वाट बुजली आणि दक्षिणेला नवी वाट पडली. जुनी केबल मध्येच तुटली. मग नवी केबल, नवा वाटाड्या, तोही दक्षिणेच्या टेकडीवर. इंजिनिअर लोकांनी दहा दिवसांत काम उरकलं. आता एकच बारीकसं काम राहिलं. बोटी वाटाड्याला नावाने हाक मारतात ना, त्या नावापुढचा पत्ता बदलायचा. आपण फोनमध्ये नाव दाबतो, आकडा फोन स्वतः शोधतो, तसंच. सोसायटीच्या सर्व्हरवर एक नावांची वही होती, तिच्यात "वाटाड्या"समोर जुन्या मशीनचा पत्ता होता, तिथे नव्याचा घालायचा. झालं.

आणि नेमकी त्या दिवशी हर्षाली पुण्यात. राज्याच्या किनारा नेटवर्क कार्यालयात मुलाखत. लहानपणापासूनचं स्वप्न, सगळ्या बंदरांचं जाळं सांभाळायची नोकरी. दाराबाहेर खुर्चीवर बसून ती फोनवर काकांना सांगतेय.

"काका, वही उघडलीत? वाटाड्यासमोरचा पत्ता खोडा, नवा घाला."

"घातला."

"आता सगळ्यात वर एक दहा अंकी आकडा आहे. तो बदला. आजची तारीख घाला. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी शून्य एक."

"बदलायलाच हवा का गो?"

"हो काका. त्यावरूनच बाहेरच्यांना कळतं की वही बदललीय."

"घातला. वाचून दाखवू?"

"नको नको, मला आत बोलावतायत."

हे "नको नको" लक्षात ठेव.

आत तिघं बसले होते. एका बाईंनी विचारलं, "मार्गदर्शक यंत्र चुकीचं सांगतंय असं लक्षात आलं, तर सगळ्यात आधी काय कराल?" हर्षाली क्षणभरही थांबली नाही. "बंद करीन. चुकीच्या उत्तरापेक्षा उत्तर नसलेलं बरं." तिघांनी माना डोलावल्या. तिला तिथेच कळलं, नोकरी मिळणार.

परत आली, धक्क्यावर उभी राहून फोनवरून "वाटाड्या" म्हणून हाक मारली, नवं मशीन ओ देतंय. ऑफिसातून मारली, ओ देतंय. छान. मुखाजवळच्या जुन्या धक्क्यावरच्या शेडमध्ये जुनं मशीन अजून चालू होतं, कारण धक्क्यावरचा दिवा त्याच्याच वायरवर चालायचा. ती म्हणाली, असू दे, कोणाला त्रास देतंय.

आठ दिवस गेले. बोटी आल्या, गेल्या, कोणाची तक्रार नाही. मग मार्गशीर्षातली द्वितीया आली. दुपारी चार वाजता ती सहज नव्या वाटाड्याची हजेरी बघत होती, म्हणजे कोणी कधी हाक मारली त्याची यादी. धक्क्यावरून हाका होत्या. ऑफिसातून होत्या. समुद्रातून एकही नाही.

एकही नाही रे. आठ दिवसांत.

तिला आधी वाटलं, यादी चुकतेय. पण मग आठ दिवस बोटी आत आल्या त्या कोणाला विचारून? तिने पुण्यातल्या एका बाहेरच्या सर्व्हरवरून तेच नाव विचारून बघितलं. उत्तर आलं जुना पत्ता. दुसऱ्या शहरातून विचारलं. जुना. बंदरात विचारलं की नवा, बंदराबाहेर विचारलं की जुना.

आता हे का होतं ते ऐक, सोपं आहे. मूळ वही सोसायटीत, पण समुद्रातल्या बोटी काही सोसायटीत विचारायला येत नाहीत. त्या उपग्रहावरून विचारतात, आणि त्यांना उत्तर देतात बाहेरच्या शहरांतले तीन सर्व्हर. त्यांच्याकडे ह्या वहीची नक्कल असते. ते नक्कलवाले दर तासाला मूळ वहीला एकच गोष्ट विचारतात, तुझा वरचा आकडा किती? माझ्याकडच्यापेक्षा मोठा असेल तर वही बदलली, नवीन नक्कल उतरवून घेतो. लहान असेल तर माझीच नक्कल ताजी, आणि पुन्हा झोपतो. पत्ता बघत नाहीत, फक्त आकडा.

हर्षालीने नक्कलवाल्यांचा आकडा काढला. २०४४०६०९०१. जूनमध्ये तिनेच घातलेला, नऊ तारीख. मग आपल्या वहीतला बघितला.

१९६६०८२३०१.

"काका," ती म्हणाली, "हा कुठला आकडा?"

मधूकाका पलीकडच्या टेबलावर चष्मा पुसत होते. "तूच सांगितलास की. आजची तारीख घाला."

"ही कुठली तारीख?"

"कार्तिक वद्य अष्टमी. शके एकोणीसशे सहासष्ट, आठवा महिना, शुद्धातल्या पंधरा आणि वद्यातल्या आठ मिळून तेविसावी तिथी. शेवटी शून्य एक. चुकलं का काही?"

हर्षालीला हसावं की रडावं कळेना. काही चुकलं नव्हतं. वर्ष, महिना, दिवस, अगदी सांगितलं तसं. फक्त शक इंग्रजी सनापेक्षा अठ्ठ्याहत्तर वर्षं मागे चालतो. बाहेरच्या तिघांना वाटलं, ही वही आपल्यापेक्षा जुनी, आणि आठ दिवस, दर तासाला, ते इमानदारीने मान हलवून झोपत राहिले.

"म्हणजे बाहेर अजून जुना पत्ता आहे?" काकांनी विचारलं.

"हो. आणि जुन्या मशीनची केबल तुटलीय. ते वादळाच्या आधीचा शेवटचा नकाशा धरून बसलंय. बोटींना सांगतंय, उत्तरेने या, चार मीटर पाणी आहे."

"उत्तरेला तर वाळू आहे गो."

"मग आठ दिवस बोटी आल्या कशा?"

काकांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे बघितलं. त्यांचा चेहरा बदलला. "भांगाचे दिवस होते. भांगात ओहोटीलाही पाणी फार खाली जात नाही. वाळूवरून गेल्या असतील, तळाखाली जेमतेम वीतभर पाणी ठेवून, कोणाला कळलंही नसेल. मग अमावास्येच्या काळोखात मासळी बरी म्हणून सगळ्या बाहेर राहिल्या. आज द्वितीया. उधाणाची ओहोटी, पावणेसातला पाणी तळाला. आज कोण येतंय?"

हर्षालीने बाहेर गेलेल्या बोटींची वही ओढली. जलवंती. आज येणार, साडेसहा. तांडेल साईराज चोगले आणि सहा खलाशी.

साईराज म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ.

ती खुर्चीत बसली आणि आधी आकडा बदलला. २०४४११२२०१. नक्कलवाल्यांना हाक मारून उठवलं. एका मिनिटात तिन्ही ठिकाणी नवा पत्ता दिसायला लागला. इतकं सोपं. आठ दिवसांपूर्वी तिने "वाचून दाखवा" म्हटलं असतं तर ह्याची गरजच पडली नसती.

"झालं ना मग?" काका म्हणाले.

"नाही काका. बोटी एकदा पत्ता विचारला की दिवसभर तोच लक्षात ठेवतात, सारखं सारखं विचारत नाहीत. जलवंतीने आज सकाळी विचारला असणार. ती उद्या सकाळपर्यंत जुन्याच पत्त्यावर जाणार."

"मग साईराजशी बोल."

तिने नव्या वाटाड्यावरून बोटीच्या संचाला हाक मारली. जलवंतीने नाकारली. बघ, काही वर्षांपूर्वी चोर लोक खोटं बंदर बनून बोटींना भलतीकडे न्यायचे, म्हणून सगळ्या संचांना शिकवलं होतं की बंदराच्या नावाने कोणी बोललं तर आधी लक्षात ठेवलेल्या वाटाड्याच्या पत्त्याशी जुळवायचं, नाही जुळला तर हाक घ्यायचीच नाही. आता हर्षालीच खोटं बंदर ठरली. साईराजच्या खिशातल्या फोनला अजून रेंज नव्हती. आणि रेंज येईल तेव्हा मुख दिसायला लागलेलं असेल, आणि मुख दिसलं की बोटीवरचे सगळे फोन स्टीलच्या डब्यात, झाकण बंद. हा नियम मधूकाकांनीच घातलेला, एक तांडेल फोनवर बोलता बोलता बोट वाळूवर चढवून बसला होता तेव्हापासून.

"माझाच नियम," काका पुटपुटले.

"काका, जुन्या शेडमध्ये चला. बोट फक्त त्या पत्त्याचं ऐकते ना? मग त्याच पत्त्यावरून बोलू."

काकांना स्कूटरवर मागे बसवलं, गुडघा लांब काढून, आणि खाडीला वळसा घालून, खड्ड्याखड्ड्यांतून जुन्या धक्क्यावर. वाटेत काका म्हणतात, "हळू गो, मी पोचलो नाही तर उपयोग काय?" ती म्हणाली, "गप्प बसा आणि धरून बसा." आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांना गप्प बसा म्हणाली.

शेड उघडली तेव्हा सहा वाजून गेलेले. सूर्य नुकता बुडालेला, पण उजेड होता. जुन्या मशीनच्या पडद्यावर उत्तरेची वाट हिरवीगार, चार मीटर, या या म्हणतेय. आणि दाराबाहेर बघितलं तर त्याच जागी पांढऱ्या लाटांची रांग फुटतेय. आणि जलवंती लवकर आली होती. बाहेरची बोय, म्हणजे खुणेचं तरंगतं पिंप, ओलांडून मुखाच्या ओठावर.

हर्षालीचा हात सरळ मशीनच्या स्विचवर गेला. चुकीच्या उत्तरापेक्षा उत्तर नसलेलं बरं. तीन माना डोलावल्या होत्या.

"बंद करशील तर काय होईल?" काकांनी विचारलं.

"संच सुकाणू सोडेल. इंजिन मोकळं होईल, पंखा थांबेल."

"मुखाच्या ओठावर? मागून लाटा येतायत, वळायला जागा नाही. बोट आडवी पडेल गो. ह्याला बोलायची सोय आहे ना?"

होती. जुनं मशीन बसवलं तेव्हा एक माईकही दिला होता, त्याच्यावर कोळिष्टकं चढलेली. कोणी कधी वापरला नव्हता. हर्षालीने तो पुसून काकांच्या हातात दिला, आणि स्वतःच्या फोनवर नव्या वाटाड्याचा नकाशा उघडला. आणि अरे, तिथे एक ठिपका होता. जलवंती नव्या वाटाड्याला ओळखत नव्हती, तिने त्याला कधी हाक मारली नव्हती, पण तो तिला ऐकत होता. तळातल्या केबलला तिच्या पंख्याची घरघर कळत होती. ठिपका वाळूपासून दोनशे पावलांवर.

काकांनी बटण दाबलं. "साईराज. सुकाणू हातात घे."

थोडी खरखर. मग साईराजचा आवाज, "कोण बोलतंय? वाटाड्या कधीपासून बोलायला लागला?"

"वाटाड्या नाही रे, मधूकाका. जुन्या धक्क्यावरून. समोर तुला हिरवं दिसतंय तिथे वाळू आहे. पडदा सोड, डोळे वर कर. पांढरं दिसतंय?"

साईराजने पडद्यावरून डोळे वर केले. मग, "काका, लाटा फुटतायत."

"तेच तर. सुकाणू घे."

"काका, मी हाताने मुख कधी पार केलेलं नाही. तांडेल झाल्यापासून तीन वर्षांत एकदाही नाही."

हर्षालीने भावाचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. घरात तो मोठा शहाणा, हिला कॉम्प्युटरची म्हातारी म्हणून चिडवणारा.

"पहिलटकराला एकदा करावंच लागतं," काका म्हणाले. "वेग कमी करू नको. इंजिन चालू असलं की सुकाणू तुझं ऐकतं. हर्षाली, नवी वाट कुठे आहे सांग."

तिने नकाशा त्यांच्यापुढे धरला. अक्षांश, रेखांश, मीटर. काकांनी बघितलं आणि डोळे मिटले. खरंच मिटले रे. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस शेडमध्ये उभा राहून मनाने बोटीवर गेला आणि तिथून किनाऱ्याकडे बघायला लागला. ह्या नव्या वाटेवरून आत येताना काय कशाच्या मागे दिसेल? जुन्या वाटेची खूण म्हणजे दोन माड होते, ते वादळात पडले. नव्या वाटेला खूणच नव्हती, ती त्यांना तिथल्या तिथे शोधायची होती.

"साईराज, दर्ग्याचा मिनार दिसतो?"

"दिसतो."

"त्याच्या मागे बर्फाच्या कारखान्याची निळी टाकी. कुठे दिसते, मिनाराच्या डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे. बरीच डावीकडे."

"म्हणजे तू वाटेच्या डावीकडे आहेस. उजवीकडे ये, टाकी मिनारामागे लपेपर्यंत. लाटेला कूस दाखवू नको, तिरका तिरका ये."

हर्षाली आकडे वाचत होती. "दोन मीटर… एक पॉइंट नऊ… काका, एक नऊ." बोटीचा तळ पाण्यात एक पॉइंट आठ खाली असतो. दहा सेंटिमीटर. तुझी चार बोटं.

"टाकी कुठे आहे?"

"अर्धी लपली."

"आणखी. घाई नको. एक लाट जाऊ दे, मग घे."

नकाशावर ठिपका थांबल्यासारखा वाटला. माईकमधून कसलासा घासल्याचा आवाज आला, लांब, आणि कोणीतरी देवाचं नाव घेतलं. हर्षालीचा हात पुन्हा स्विचवर गेला, का ते तिलाही कळलं नाही. काकांनी तिच्याकडे न बघता तिचं मनगट धरलं आणि बटण दाबलं.

"वाळू लागली ना? लागू दे. मागून लाट येतेय, मला इथून दिसतेय. ती उचलेल तेव्हा इंजिन पूर्ण दे. आत्ता नाही. आत्ता नाही. दे."

आणि ठिपका सरकला.

"दोन पॉइंट दोन," हर्षाली ओरडलीच. "दोन पाच. तीन. काका, तीन."

"टाकी दिसत नाहीये," साईराज म्हणाला. "मिनारामागे पूर्ण लपली."

"मग आता सरळ ये घरी," काका म्हणाले, आणि माईक खाली ठेवून तिथल्याच एका उपड्या टोपलीवर बसले. त्यांनी दुखरा गुडघा लांब काढला. हर्षालीने दोन्ही हातांनी तो गुडघा दाबून धरला आणि तशीच जमिनीवर बसून राहिली. तिने विचारलं, "काका, पाणी आणू?"

"चहा आण," ते म्हणाले.

साईराज धक्क्याला लागला तो थेट काकांपुढे येऊन उभा. वाकायला गेला तर काकांनी दंड धरून वर ओढला. "पाया काय पडतोस? येत्या भांगात रोज हाताने बोट आत-बाहेर करायची. सगळ्या पोरांना घेऊन ये."

"येतो," साईराज म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "डब्यातल्या माझ्या फोनवर सतरा मिस्ड कॉल आहेत. सगळे तुझे."

"म्हातारीचे," ती म्हणाली. आणि मग तो तिच्या खांद्यावर डोकं टेकवून उभा राहिला, मासळीच्या वासासकट, बराच वेळ. सहा खलाशी उगाच जाळी आवरत होते.

आता मुद्द्यावर येतो.

तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी एकदम आल्या. एक, किनारा नेटवर्क कार्यालयाचं नेमणूकपत्र. दुसरी, त्याच कार्यालयाचा दोष-अहवालाचा फॉर्म. काय झालं, कधी झालं, कसं निस्तरलं, आणि शेवटी एक चौकट, चूक करणाऱ्या व्यक्तीचं नाव.

मधूकाका म्हणाले, "माझं लिही. आकडा माझा, बोटं माझी. मला आता कुठली नोकरी लागायचीय?"

"काका, तुम्ही मी सांगितलं तेच केलंत. आणि वाचून दाखवू का विचारलंत."

"ते कोणी ऐकलंय? तू आणि मी."

"मी ऐकलंय ना."

तिने स्वतःचं नाव घालून फॉर्म पाठवला. संध्याकाळी कार्यालयातून फोन, तुमच्या बंदरातून ह्याच घटनेचे दोन अहवाल आलेत, एकात चूक तुमची, दुसऱ्यात मधुसूदन वासकर यांची. काकांनी सोसायटीच्या शिक्क्यासकट स्वतःचा वेगळा पाठवला होता, वर तिथी घालून. पलीकडच्या बाई, त्याच मुलाखतीतल्या, आवाजावरून तिने ओळखल्या, म्हणाल्या, "एका अहवालात एकच नाव बसतं. उद्या अकरापर्यंत एक ठरवून पाठवा. आणि तुम्हाला कल्पना आहेच, नव्या नेमणुकीवर असा दोष असेल तर ती पुन्हा तपासली जाते." आणि पुढे म्हणाल्या, "तुम्ही यंत्र बंद का केलं नाहीत, हे मात्र मला स्वतःला वाचायचंय. सविस्तर लिहा."

ते तिने लिहिलं. तीन पानं. त्यात दर्ग्याचा मिनार आहे, निळी टाकी आहे, तळातून बोट ऐकणारी केबल आहे, आणि डोळे मिटून उभा राहिलेला एक माणूस आहे. लिहिताना तिला जाणवलं की ज्या सवयीने आकडा चुकला, त्याच सवयीने काकांनी भिंतीकडे बघून पावणेसातची ओहोटी सांगितली. आणि तिच्याकडे नवा नकाशा नसता तर काकांना वाट सापडली नसती, काका नसते तर तो नकाशा साईराजला सांगताच आला नसता. तिला त्या दोघांचेही आभार मानायचे होते, मशीनचेही आणि काकांचेही, पण फॉर्ममध्ये आभाराची चौकट नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ती ऑफिसात बसली. समोरच्या टेबलावर काका बोटींच्या वहीत मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी लिहीत होते, आणि त्यांनी शेजारी, तिच्यासाठी, पहिल्यांदाच, बारीक अक्षरात इंग्रजी तारीखही लिहिली. बाहेर खाडीत साईराज पोरांना मिनार आणि टाकी दाखवत होता. तिच्यापुढे फॉर्म उघडा, सगळं भरलेलं, फक्त शेवटची चौकट रिकामी, एकाच नावाची.

तिच्या मते खरं नाव, म्हणजे स्वतःचं, घातलं तर नोकरी जाईल, आणि काका आयुष्यभर स्वतःला दोष देतील की माझ्यामुळे पोरीची नोकरी गेली. काकांचं घातलं तर नोकरी राहील, काका खुश होतील, मनापासून खुश होतील रे, पण चाळीस वर्षं बोटी सांभाळणाऱ्या माणसाच्या नावावर शेवटची नोंद ह्या चुकीची राहील. काकांनी वहीतून मान वर केली आणि नुसतं हसून म्हणाले, "वाचून दाखवू?"

सांग आता. तू काय केलं असतंस?